एका गर्भप्रथिनाची कैफियत

वैद्यकाच्या दप्तरात अशी द्रव्ये फार थोडी असतील, की ज्यांची नोंद प्रसूतिशास्त्र, बालरोगशास्त्र आणि कर्करोगशास्त्र या तिन्ही खात्यांना आपापल्या वहीत स्वतंत्रपणे ठेवावी लागते, आणि तीही निरनिराळ्या, किंबहुना परस्परविरोधी अर्थांनी. अल्फा-फीटोप्रोटीन हे त्यांतले एक होय. तीन महिन्यांच्या गर्भाच्या रक्तात ते दर मिलिलिटरला सुमारे ३० लाख नॅनोग्रॅम इतके असते आणि तेथे ते सर्वस्वी स्वाभाविक असते. निरोगी प्रौढाच्या रक्तात ते बहुधा १० नॅनोग्रॅमच्या आत राहते. आणि गर्भवती नसलेल्या प्रौढाच्या रक्तात तेच हजारांच्या घरात गेले, तर यकृत, वृषण किंवा अंडाशय यांपैकी कोठे तरी अर्बुद माजले असावे असा तर्क करणे वैद्याला भाग पडते. गर्भवतीच्या बाबतीत तर ते वाढले काय किंवा घटले काय, दोन्ही बाजूंनी चिंतेस जागा असते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या एका प्रथिनावर जे लेखन झाले त्याचा आढावा घेऊ जाता एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते, ती अशी की, तिन्ही क्षेत्रांत रेणू तोच आणि मोजण्याची रीतही तीच असूनही त्याला मिळालेला दर्जा सारखा नाही. आणि हा दर्जा प्रथिनाच्या अंगभूत गुणांवरून ठरलेला नसून, आकडा हाती आल्यावर रुग्णासाठी पुढे काय करता येते, यावरून ठरलेला आहे.

या प्रथिनाची पहिली नोंद स्वीडनमधील बेर्गस्ट्रांड आणि झार यांनी १९५६ साली केली. कागदावरील विद्युत्सरणाच्या पद्धतीने मानवी गर्भाचे रक्तजल तपासत असता, प्रौढाच्या रक्तजलात ज्याचा मागमूस नसतो असा एक पट्टा त्यांना आढळला. त्यांनी तो नमूद केला आणि प्रकरण तेथेच थांबले. कारण गर्भाच्या रक्तात खास गर्भाचे असे एखादे प्रथिन असावे, यात नवल वाटण्यासारखे त्या काळी कोणाला काही दिसले नाही.

नवल उत्पन्न झाले ते सात वर्षांनी, मॉस्कोच्या गामालेया संस्थेत. स्टालिनच्या अमदानीत तीनदा तुरुंगाची वारी घडलेले विषाणुशास्त्रज्ञ लेव्ह झिल्बर यांनी त्या संस्थेत जो विभाग उभारला होता, त्याचा सारा रोख कर्कपेशींच्या अंगी असलेला, निरोगी पेशींत कदापि न सापडणारा असा एखादा प्रतिजन शोधून काढण्याकडे होता. त्याच विभागातील गारी आबेलेव्ह आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृतार्बुदावर काम करीत होते. अर्बुदाविरुद्ध तयार केलेल्या प्रतिरक्तजलातून निरोगी उंदराच्या ऊतींशी संयोग पावणारी सर्व प्रतिद्रव्ये काढून टाकल्यावरही एक प्रतिक्रिया शिल्लक राहिली, आणि इच्छित वस्तू हाती आली असे वाटण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली. परंतु या मंडळींचा खरा मोठेपणा यात आहे की, त्यांनी तेच प्रतिरक्तजल नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्या रक्ताशीही ताडून पाहिले, आणि ती प्रतिक्रिया तेथेही तितकीच ठसठशीत उमटली. जे कर्करोगाचे खास म्हणून शोधले जात होते ते गर्भावस्थेचे निघाले. १९६३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी व्होल्गेच्या मुखाशी वसलेल्या आस्त्राखान शहरात यूरी तातारिनोव्ह यांनी यकृताचा प्राथमिक कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तात हेच प्रथिन असल्याचे दाखविले. लगोलग १९६५ मध्ये माँट्रिअलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात असाच एक गर्भकालीन प्रतिजन शोधला, व कर्कपेशी ही आपली गर्भावस्था पुन्हा उगाळीत बसते, या कल्पनेला एकाएकी बळ आले.

आरंभीच्या त्या दिवसांतील मोजणीची साधने मात्र अगदी ओबडधोबड होती. अगारच्या थरात दोन द्रव समोरासमोर पसरू द्यायचे आणि जेथे ते भेटतील तेथे पांढरी रेघ उमटते का, हे पाहायचे. अशी रेघ उमटण्यास दर मिलिलिटरला हजार-दोन हजार नॅनोग्रॅमहून अधिक प्रथिन लागे. या मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून जे काही वर राहील ते अर्थातच ढोबळ असे, आणि म्हणूनच सुरुवातीच्या काही वर्षांत ही चाचणी विलक्षण अचूक असल्याचा बोलबाला झाला; रेघ उमटली की यकृताचा कर्करोग ठरलेलाच, असे मानण्यापर्यंत मजल गेली. १९७१ साली हेलसिंकीच्या रुओस्लाहती आणि सेप्पाला यांनी किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने काही नॅनोग्रॅमपर्यंतची मोजणी साधली, तेव्हा हे प्रथिन प्रत्येक निरोगी प्रौढाच्या रक्तात अत्यल्प का होईना पण असतेच, असे निष्पन्न झाले. त्या दिवसापासून ‘आहे की नाही’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती आहे’ हा पुढे आला. आणि किती म्हणजे फार, हा वाद जो सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही.

प्रथिनाच्या स्वभावाविषयी थोडे येथेच सांगून टाकणे बरे. सुमारे ५९० अमिनो आम्लांचे आणि अंगावर शर्करेची साखळी वागविणारे हे प्रथिन अल्ब्युमिनच्याच कुळातले आहे. मानवाच्या चौथ्या गुणसूत्रावर दोघांची जनुके शेजारी शेजारी नांदतात. गर्भाच्या प्रारंभीच्या आठवड्यांत ते पीतककोशात आणि नंतर मुख्यतः यकृतात तयार होते, बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमारास त्याची पातळी कळसास पोचते आणि मग अल्ब्युमिन वाढत जाते तसतसे हे मागे सरते. नवजात अर्भकाच्या रक्तात ते सरासरीने ४८ हजार नॅनोग्रॅमच्या आसपास असते आणि प्रौढाच्या पातळीवर येण्यास त्याला आठ महिने ते वर्षभर लागते. आता एवढ्या विपुल प्रमाणात निर्माण होणाऱ्या द्रव्याचे काही तरी भारी प्रयोजन असले पाहिजे, असा आपला समज. पण येथे निसर्गाने अभ्यासकांची चांगलीच फजिती केली आहे. उंदीर-घुशींत हे प्रथिन स्त्रीसंप्रेरकाला घट्ट धरून ठेवते. २००२ साली बेल्जियममध्ये त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा ते जन्मले आणि वाढले, मात्र माद्या वांझ निघाल्या, आणि मातेकडून येणाऱ्या संप्रेरकापासून मादीगर्भाच्या मेंदूचे रक्षण करणे हे त्याचे काम असल्याचे २००६ मध्ये दाखविण्यात आले. परंतु मानवी प्रथिन त्या संप्रेरकाला तसे धरीतच नाही; आणि ज्यांच्या शरीरात गर्भावस्थेतही हे प्रथिन बनले नाही अशी, तरीही सर्वस्वी निरोगी माणसे आढळली आहेत. ज्याच्यावाचून माणसाचे काही अडत नाही, अशा द्रव्याच्या मोजणीवर लक्षावधी गर्भवतींचे व रुग्णांचे निर्णय अवलंबून राहावेत, हा योगायोग मोठा विचित्र खरा.

गर्भावस्थेतील त्याचा उपयोग हा सरळ पाझराच्या गणितावर उभा आहे. गर्भाच्या रक्तातून हे प्रथिन मूत्रावाटे गर्भजलात उतरते, आणि तेथून व वारेतून त्याचा अगदी थोडा अंश मातेच्या रक्तात जातो. गर्भजलातील प्रमाण गर्भरक्तातील प्रमाणाच्या शे-दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी, तर मातेच्या रक्तातील प्रमाण त्याहून कितीतरी अल्प. कोऱ्या माठालाही पाझर असतोच, पण तडा गेलेल्या माठाखालची जमीन अधिक ओली होते. त्याप्रमाणे गर्भाच्या शरीराला कातडीचे आवरण नसलेली एखादी उघडी जागा राहिली, तर तेथून हे प्रथिन गर्भजलात अधिक उतरते. मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती डोक्याकडे मिटली नाही तर मेंदू व कवटीचा माथा घडतच नाही, व अशी अर्भके जगत नाहीत. कण्याकडे मिटली नाही तर स्पायना बायफिडा म्हणून ओळखले जाणारे व्यंग उत्पन्न होते, ज्यात पायांची शक्ती, मलमूत्रावरचा ताबा आणि पुष्कळदा डोक्यात साचणारे पाणी, हे आयुष्यभराचे प्रश्न होऊन बसतात. एडिंबरोच्या डेव्हिड ब्रॉक आणि रॉजर सटक्लिफ यांनी १९७२ साली अशा गर्भांच्या गर्भजलात हे प्रथिन अतोनात वाढलेले असल्याचे दाखविले, आणि वर्षभरातच मातेच्या रक्तातही त्याचे पडसाद सापडतात असे आढळले. ही व्यंगे ब्रिटिश बेटांत त्या काळी इतर युरोपच्या मानाने फार होती, त्यामुळे तेथे या शोधाला राष्ट्रीय महत्त्व आले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील बहुकेंद्री अभ्यासात, सोळाव्या ते अठराव्या आठवड्यात रक्त तपासले आणि मध्यांकाच्या अडीच पट ही मर्यादा धरली, तर मेंदू न घडलेल्या गर्भांपैकी ८८ टक्के आणि उघड्या स्पायना बायफिडापैकी ७९ टक्के गर्भ हाती लागतात, आणि निर्दोष गर्भ असलेल्या मातांपैकी ३ टक्के नाहक कचाट्यात सापडतात, असा हिशेब निघाला.

या हिशेबातील दोन बाबींचा उलगडा केला नाही, तर पुढचे सारे समजणे दुरापास्त होईल. पहिली बाब मध्यांकाची. मातेच्या रक्तातील हे प्रथिन दुसऱ्या तिमाहीत दर आठवड्याला सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. म्हणून निव्वळ नॅनोग्रॅमचा आकडा काहीच सांगत नाही, त्या त्या आठवड्याच्या निरोगी गर्भवतींच्या मध्यांकाशी त्याचे गुणोत्तर काढावे लागते. साहजिकच, गर्भाचे वय मोजण्यात दोन आठवड्यांची चूक झाली की निकाल उलटापालटा होतो, आणि आकडा वाढलेला दिसण्याच्या कारणांत प्रत्यक्ष व्यंगापेक्षा पाळीच्या तारखेची चूक आणि जुळे हीच कारणे अधिक वेळा सापडतात. मातेचे वजन अधिक असेल तर तेच प्रथिन जास्त रक्तात मिसळून विरळ दिसते. तिला मधुमेह असला तरी ते कमी भरते. दुसरी बाब त्या ३ टक्क्यांची. ३ टक्के हे ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण हजार गर्भवतींत एकीच्याच गर्भाला उघडे व्यंग आहे असे धरले, तर त्या हजारांतल्या तीसएक स्त्रियांना भीतीची चिठ्ठी जाते आणि त्यांतली एकच खरी ठरते. चाळणी-परीक्षेचा हा गुणधर्मच आहे आणि त्यात लबाडी काही नाही. मात्र उरलेल्या एकोणतीस जणींनी ते पंधरा दिवस कसे काढले, याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

आता पुढे काय करता येते, या प्रश्नाकडे वळू. चिठ्ठी आली की सोनोग्राफी, मग सुईने गर्भजल काढून त्यातील प्रथिन आणि, १९७९ नंतर, अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराची तपासणी, आणि व्यंग निश्चित झाले तर गर्भपात: १९७० च्या दशकात या शोधाची परिणती एवढ्यावरच होत होती. उपचार असा नव्हताच. म्हणून ज्या स्त्रीला गर्भपात मान्य नाही तिच्या दृष्टीने ही चाचणी म्हणजे बाळाच्या आगमनाची तयारी करण्याची सवलत, यापलीकडे काही नव्हते. व्यंगाच्या मुळावर घाव घातला तो वेगळ्याच दिशेने: १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतले तर व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळते, हे निर्विवाद सिद्ध झाले. नलिका मिटण्याची मुदत पहिल्या महिन्यातच संपते आणि रक्ततपासणी होते चौथ्या महिन्यात, हे लक्षात घेतले म्हणजे चार पैशांच्या गोळीची किंमत कळते. गर्भाशयातच कण्यावर शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग २०११ च्या अमेरिकन अभ्यासाने खुला केला. जन्मापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४० टक्क्यांना, तर जन्मानंतर झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना वर्षभरात डोक्यातील पाण्यासाठी नळी बसविण्याची गरज पडली. पण तोवर या कामात प्रथिनाची जागा सोनोग्राफीने बव्हंशी घेतली होती. योगायोग असा की, लंडनच्या स्टुअर्ट कॅम्बेल यांनी सोनोग्राफीने मेंदूविरहित गर्भ ओळखला तोही १९७२ सालीच.

घटलेल्या आकड्याचा इतिहास अधिक मनोरम आहे. वाढलेले प्रथिन शोधण्यात सगळे गर्क असता, कमी भरलेल्या निकालाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये एका मातेला अठराव्या गुणसूत्राच्या त्रिवाराचे मूल झाले. आपल्या चाचणीत हे प्रथिन जवळजवळ शून्य आले होते, त्याचा या व्यंगाशी काही संबंध असेल का, असा प्रश्न तिने विचारला. तो प्रश्न हसण्यावारी न नेता अर्विन मर्कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी दप्तरे उपसली, आणि गुणसूत्रदोषाच्या गर्भांत मातेच्या रक्तातील हे प्रथिन सरासरीने कमी भरते, असे १९८४ मध्ये जाहीर केले. डाउन संलक्षणात ते मध्यांकाच्या सुमारे सात-दशांश असते. एवढ्या थोड्या फरकावर निदान बेतणे शक्य नव्हते. म्हणून निकोलस वॉल्ड प्रभृतींनी १९८८ मध्ये मातेचे वय, हे प्रथिन, एस्ट्रिऑल आणि एचसीजी यांची संगती लावून एकत्रित जोखीम काढली व ५ टक्के खोट्या इशाऱ्यांच्या बदल्यात ६० टक्के बाधित गर्भ ओळखले. हीच आपल्याकडील गर्भवतींच्या फायलीत आढळणारी ‘ट्रिपल मार्कर’ चाचणी. तीत इनहिबिन मिळविले की ती ‘क्वाड्रुपल’ होते. बाराव्या आठवड्याच्या ‘डबल मार्कर’मध्ये मात्र सामान्यतः हे प्रथिन नसते, आणि डेनिस लो यांनी १९९७ मध्ये मातेच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असल्याचे दाखविल्यानंतर जी नवी तपासणी आली, तिने गुणसूत्रदोषांच्या बाबतीत या प्रथिनाला जवळजवळ निवृत्तच केले. तथापि ती नवी तपासणी मज्जानलिकेच्या दोषाविषयी मौन पाळते, हे विसरता कामा नये. आणि गर्भ निर्दोष असूनही प्रथिन वाढलेले राहिले, तर वारेत काही बिघाड असून पुढे गर्भाची वाढ खुंटणे, रक्तदाब चढणे किंवा अकाली प्रसूती होणे यांचा संभव वाढतो, ही माहितीही उपयोगाची आहे.

गर्भजल काढण्याच्या ज्या तंत्राने या चाचणीला पुष्टी मिळत असे, त्याचा महाराष्ट्राशी एक दुःखद संबंध आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जन्मजात दोष ओळखण्याच्या हेतूने हे तंत्र आले, आणि पाहता पाहता ते मुलगा की मुलगी हे जाणण्याचे साधन बनून मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पसरले. गर्भाचे लिंग आणि गर्भाचा कणा या दोहोंचे उत्तर एकाच सुईतून मिळत होते. समाजाने पहिला प्रश्न विचारणे पसंत केले. त्याविरुद्ध झालेल्या चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. दोष उशिरा उमगलेल्या स्त्रियांची कायद्याने कुचंबणा होई, ती २०२१ च्या दुरुस्तीने बरीच दूर झाली: गर्भात गंभीर विकृती असल्याचा वैद्यकीय मंडळाचा निर्वाळा असेल, तर आठवड्यांची मुदत आड येत नाही.

कर्करोगाच्या खात्यात शिरताना प्रथम जननपेशींच्या अर्बुदांचा विचार करू, कारण तेथे या प्रथिनाने मिळविलेली प्रतिष्ठा निष्कलंक आहे. वृषणाच्या व अंडाशयाच्या काही अर्बुदांची घडण पीतककोशासारखी असते, हे डेन्मार्कच्या गुनार टाइलुम यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून १९५९ मध्ये मांडले होते. पीतककोश जे प्रथिन करतो ते त्या अर्बुदांनीही करावे, हे मग ओघानेच आले, आणि आबेलेव्ह यांनी १९६७ मध्ये तसे दाखविलेही. या रोगांत बहुतेक तरुण मुलगे आणि मुली सापडतात. १९७० च्या दशकात इंडियानाच्या लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनवर आधारलेली औषधयोजना रूढ करीपर्यंत पसरलेल्या वृषणार्बुदातून वाचणारे थोडे. नंतर वाचणारेच फार झाले. आणि मग या प्रथिनाचे एकेक अंग कामाला आले. त्याचे अर्धायुष्य पाच ते सात दिवसांचे. तेव्हा अर्बुद काढल्यावर किंवा औषध सुरू केल्यावर आकडा त्या चालीने उतरत गेला तर ठीक, रेंगाळला तर शरीरात अजून शत्रू शिल्लक आहे, असे छायाचित्रांत काही दिसण्याच्या आधीच समजते. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर १,००० आणि १०,००० नॅनोग्रॅम या पायऱ्या ठरवून रुग्णाचे भवितव्य व औषधाच्या फेऱ्या यांची सांगड या आकड्याशी घालण्यात आली. सूक्ष्मदर्शकाखाली अर्बुद शुद्ध सेमिनोमा, म्हणजे हे प्रथिन न करणाऱ्या प्रकारचे, दिसले पण रक्तात हे प्रथिन निर्विवाद वाढलेले असले, तर विकृतिशास्त्रज्ञाच्या डोळ्यांपेक्षा रक्तावर विश्वास ठेवून उपचार दुसऱ्या प्रकारचे केले जातात. वैद्यकात असा मान फारच थोड्या रक्ततपासण्यांना मिळालेला आहे. लहान मुलांच्या यकृतार्बुदातही, म्हणजे हिपॅटोब्लास्टोमात, तेच. आणि तेथे गंमत अशी की, लाखांचे आकडे वैद्याला तितकेसे भिववीत नाहीत, १०० च्या खालचा आकडा भिववितो, कारण प्रथिन करण्याइतकीही प्रगल्भता नसलेली ती अर्बुदे औषधांना दाद देत नाहीत.

यकृताच्या प्रौढ कर्करोगात, म्हणजे जेथून या साऱ्या प्रकरणाला आरंभ झाला तेथेच, या प्रथिनाची सर्वांत अधिक ओढाताण झाली. अडचण दुहेरी आहे. एकीकडे, या कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांत, विशेषतः अर्बुद लहान आणि काढण्याजोगे असते त्या वेळी, हे प्रथिन वाढतच नाही. दुसरीकडे, जुनाट कावीळ आणि सिरोसिस यांत यकृताच्या पेशी नव्याने वाढू पाहतात तेव्हा कर्करोग नसतानाही ते वाढते, आणि कर्करोग ज्यांच्यात शोधायचा ते नेमके हेच लोक असतात. इटलीतील एका प्रसिद्ध अभ्यासात २० नॅनोग्रॅमची मर्यादा धरली तेव्हा ६० टक्के कर्करोग सापडले आणि कर्करोग नसलेल्या यकृतरुग्णांपैकी ९० टक्क्यांहून थोडे अधिक योग्य रीतीने वगळले गेले. खोटे इशारे टाळण्यासाठी मर्यादा २०० वर नेली, तर सापडणारे कर्करोग २२ टक्क्यांवर घसरले.

चीनमध्ये जे दोन प्रयोग झाले ते या वादाचा गाभा समजण्यास पुरेसे आहेत. यांगत्सेच्या मुखाजवळील चिदोंग परगण्यात हिपॅटायटिस-ब आणि बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन यांच्या संगनमताने यकृताच्या कर्करोगाचा कहर होता. तेथे ५,५८१ विषाणुवाहक पुरुषांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दर सहा महिन्यांनी केवळ हे प्रथिन मोजण्यात आले. कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ६ टक्क्यांवरून जवळपास ३० टक्क्यांवर गेले, परंतु मृत्यूंत घट झाली नाही, कारण लवकर सापडलेल्यांवर करण्याजोगा उपचारच तोकडा होता. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवरच्या प्रयोगात प्रथिनाच्या जोडीला सोनोग्राफी होती आणि शस्त्रक्रियेची सोय शहरात उपलब्ध होती. तेथे यकृतकर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या प्रयोगात आकड्याने आपले काम चोख बजावले होते, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. अपयश त्याच्या पुढच्या टप्प्यातले होते, आणि तरीही अनेक वर्षे दोषाचे खापर प्रथिनाच्याच माथी फुटत राहिले.

अमेरिकेच्या यकृततज्ज्ञांच्या मंडळाने २०१० च्या सुमारास नियमित तपासणीतून या प्रथिनाला रजा दिली आणि सहामाही सोनोग्राफी तेवढी ठेवली. मग असे आढळू लागले की, प्रत्यक्ष व्यवहारात सिरोसिसच्या रुग्णाची, त्यातही स्थूल रुग्णाची, सोनोग्राफी वाटते तितकी तीक्ष्ण नसते. २०१८ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार एकट्या सोनोग्राफीने लवकरचे ४५ टक्के कर्करोग सापडतात, प्रथिनाची जोड दिल्यास ६३ टक्के. त्या वर्षी मंडळाने दार किलकिले केले आणि २०२३ मध्ये दोन्ही तपासण्या मिळून कराव्यात असा स्पष्ट अभिप्राय दिला. बडतर्फ झालेल्या कारकुनाची पुन्हा नेमणूक व्हावी, असा हा प्रकार. नेमणूक मात्र साहाय्यकाच्या जागेवर. दरम्यान जपानी संशोधकांनी एक सुबक युक्ती शोधली होती. कर्कपेशींनी बनविलेल्या प्रथिनाच्या शर्करासाखळीला फ्यूकोज नावाची एक शर्करा जास्तीची चिकटलेली असते, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या मसुरीच्या दाण्यात अशा साखळीला नेमके पकडणारे एक प्रथिन असते. त्या मसूरप्रथिनाने पकडलेला हिस्सा एकूणाच्या १० टक्क्यांहून अधिक भरला, तर ती वाढ सिरोसिसची नसून कर्करोगाची असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. औषधयोजनेतही आकड्याला प्रवेश मिळाला: रामुसिरुमॅब हे औषध सरसकट सर्व रुग्णांना दिले असता निष्फळ ठरले, पण ज्यांचे प्रथिन ४०० किंवा अधिक होते अशांनाच निवडून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग केला, तेव्हा आयुष्याचा मध्यांक ७.३ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेला. सहा आठवड्यांहून कमी मिळालेल्या या लाभाचे मोल कोणी काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. भारतात हिपॅटायटिस-बची लस २०११ पासून सर्वत्र बालकांच्या सरकारी लसीकरणात समाविष्ट झाली, तिने पुढच्या पिढीत होणारा लाभ याच्या कितीतरी पट असणार, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रयोगशाळेतील काही खाचखळगे सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. प्रथिन अतिशय, म्हणजे लाखांनी असले, तर काही चाचण्यांतील प्रतिद्रव्ये गुदमरून आकडा उलट कमी दाखवितात, आणि नमुना विरळ करून पुन्हा मोजल्याखेरीज ही फसगत उघडकीस येत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेनेही काही यंत्रे चकतात. तान्ह्या मुलाचा निकाल प्रौढांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यास घरात नाहक आकांत उडतो. काही घराण्यांत, जनुकाच्या आरंभीच्या भागातील एका अक्षराच्या फेराने, हे प्रथिन जन्मभर किंचित वाढलेले राहते. स्कॉटलंडमधील असे एक कुटुंब १९८३ मध्ये नोंदविले गेले, आणि ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे निरोगी माणसांना कर्करोगाची औषधे टोचली गेल्याचे दाखलेही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. शिवाय एककांचा घोळ आहेच: कोणी आंतरराष्ट्रीय एककांत निकाल देतो, कोणी नॅनोग्रॅममध्ये, आणि १ एकक म्हणजे १.२१ नॅनोग्रॅम असल्याने एकाच रक्ताचे दोन कागद शेजारी ठेवले असता आजार पाचव्या हिश्श्याने वाढल्याचा भास होतो. वृषणार्बुदाच्या रुग्णाने शेवटपर्यंत एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, आणि अहवालावरील आकड्यापुढे छापलेले एकक प्रथम वाचावे, असा जो आग्रह अनुभवी डॉक्टर धरतात तो याच कारणास्तव.